उजव्या डोळ्यातला चुना

सयाजीला डॉक्टरकडं न्यायच्या आधी बॅटरीवाल्याकडं आणलं, आणि त्यात घरच्या माणसांची चूक तरी काय म्हणायची? बॅटरी फुटली होती, आणि बॅटरीतलं सगळं कुणाला कळतं, तर इब्राहिमला. पिकअप हॉर्न वाजवत जुन्नरच्या बाजारपेठेत शिरली, भाजीवाल्यांच्या पाट्या कशाबशा चुकवल्या आणि इब्राहिमच्या दुकानासमोर कचकन थांबली. गाडी चालवत होता सयाजीचा पुतण्या गोरख. मागच्या हौद्यात सयाजी आडवा, डोकं बायकोच्या मांडीवर, तोंडावर तिचा पदर.

"भाऊ, बॅटरी फुटली," चिमाबाई वरूनच म्हणाली. "समदं तोंडावर उडालं."

इब्राहिमच्या हातात पाना होता, तो तिथंच पडला. अ‍ॅसिड उडालेली माणसं त्यानं काही पहिल्यांदा पाहिली नव्हती. त्याच्या स्वतःच्या हनुवटीवर डाग होता, आणि त्याचा एकही सदरा भोकाशिवायचा नव्हता. अशा वेळी एकच करायचं असतं, पाणी ओतायचं. काही विचारत बसायचं नाही, आधी ओतायचं. त्यानं आणि गोरखनं मिळून सयाजीला उतरवून पायरीवर बसवलं. नळाला त्या वेळी पाणी नव्हतं, म्हणून इब्राहिमनं बॅटरीत भरायच्या डिस्टिल्ड वॉटरचा आख्खा कॅन उचलला, झाकण दातानं उघडलं आणि तोंडावरचा पदर बाजूला केला.

डावा डोळा लालभडक होता, सुजला होता, पण डोळा होता. उजव्याच्या ठिकाणी मात्र सगळं पांढरं. पापण्यांच्या फटीत, कडेला, पापणीच्या केसांवर पांढरा लगदा थापलेला.

"हे पांढरं काय आहे?"

"चुना," चिमाबाई म्हणाली. घाबरली होती, पण आपण वेळेवर केलं याचं समाधानही तिच्या आवाजात होतं. "लगेच टाकला. येक मिनिट दवडला न्हाई. तुमीच सांगितलं व्हतं ना भाऊ, चुन्यानं अ‍ॅसिड मरतं."

इब्राहिमच्या हातातला कॅन वाकडा झाला आणि पाणी त्याच्याच पायावर सांडलं. मग भानावर आला आणि बोटांनी पापणी फाकवून ओतायला लागला. एक कॅन झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. सयाजी गुरासारखा ओरडत होता. समोरचा कापडवाला दुकान टाकून धावला. चिमाबाई मात्र मधेमधे इब्राहिमचा हात धरत होती, चुना धुऊन जाईल म्हणून.

हे सगळं कुठून आलं, ते सांगायला पाहिजे.

इब्राहिम हा बोलका माणूस. वडलांनंतर एकतीस वर्षं तो बॅटरीच्या धंद्यात होता, आणि बॅटरी दुरुस्त करायला जितका वेळ लागेल त्याच्या दुप्पट तो तिच्याविषयी बोलायचा. गिऱ्हाइकांनाही ते आवडायचं. पाण्यात अ‍ॅसिड ओता, अ‍ॅसिडात पाणी ओतू नका, नाहीतर उसळी मारून तोंडावर येईल. चार्जिंगला लावली की झाकणं सैल ठेवा. शेजारी बिडी ओढू नका. चार्जरचा चिमटा काढायच्या आधी बटण बंद करा. हे तो इतक्या रंगात येऊन सांगायचा की माणसं बाजाराच्या पिशव्या खाली ठेवून ऐकायची. त्यातला त्याचा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे चुना. पायरीवर अ‍ॅसिड सांडलं की तो पत्र्याच्या डब्यातला मूठभर चुना त्यावर फेकायचा. फस्स करून फेस यायचा, वाफ निघायची, आणि इब्राहिम कमरेवर हात ठेवून म्हणायचा, मेलं बघा. चुन्यापुढं याची मस्ती चालत नाही.

मागच्या बाजाराच्या दिवशी सयाजी आणि चिमाबाई बॅटरी न्यायला आले होते. लेण्याद्रीच्या अलीकडं त्यांची वस्ती, चारी बाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. गोठ्याभोवती विजेच्या झटक्याची तार ओढलेली, आणि त्या झटका मशीनची ही बॅटरी. त्या दिवशी जरासं अ‍ॅसिड सांडलं, इब्राहिमनं चुना फेकला, फेस आला. चिमाबाई वाकून बघत होती. तिनं विचारलं, हा चुना तंबाखूचाच का? इब्राहिम हसून म्हणाला, वहिनी, चुना तो चुना. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि बोलणं तिथंच राहिलं. अंगावर उडालं तर काय करायचं, हे त्या दिवशी सांगायचं राहूनच गेलं.

वस्तीवर बॅटऱ्यांची चोरी फार. म्हणून सयाजीनं बॅटरी जुन्या लोखंडी पेटीत ठेवली होती, चार्जरची वायर भोकातून आत घेतली होती आणि वर कुलूप. रात्रभर ती बंद पेटीत चार्ज होत राहिली आणि तिचा वायू आत कोंडून बसला. सकाळी सयाजीनं पेटी उघडली, बटण बंद न करताच चिमटा ओढला. ठिणगी उडाली असणार. फटाक्यासारखा आवाज झाला आणि बॅटरीचं झाकण चिरफळ्या होऊन उडालं.

दारात पाण्याचा हौद काठोकाठ भरलेला होता. चिमाबाईनं त्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं नवऱ्याच्या कमरेची चुन्याची डबी काढली आणि होता तेवढा चुना बोटानं उजव्या डोळ्यात भरला. डाव्याला काही उरलाच नाही. मग नाइलाजानं डावा तिनं हौदाच्या पाण्यानं धुतला, तांब्यावर तांब्या ओतून, आणि उजव्याला पाणी लागू नये म्हणून त्यावर पदर घट्ट दाबून धरला. वस्तीपासून जुन्नरपर्यंत तिनं तो हात काढला नाही. वाटेत ती गोरखला सारखी म्हणत होती, डबी भरलेली असती तर दोन्ही डोळं वाचलं असतं रं.

दुकानावरून इब्राहिम त्यांना तसाच दवाखान्यात घेऊन गेला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तासभर डोळे धुतले. पापणी उलटी करून करून चुन्याचे खडे टिपून काढले. मग चिमाबाईला औषधं आणायला पाठवलं आणि इब्राहिमला दाराशी बोलावलं. चुना कुणी घातला, असं त्यांनी विचारलं. बाई फार चिडलेल्या होत्या, पण आवाज खालीच ठेवून म्हणाल्या, "अ‍ॅसिड दोन्ही डोळ्यांत सारखंच गेलं होतं. डावा पाण्यानं धुतला, तो बरा होईल. उजव्यात चुना होता. अ‍ॅसिड वरवर भाजतं, चुना आत आत शिरत जातो. पुण्याला न्या, पण आशा ठेवू नका."

इब्राहिमनं भिंतीला हात टेकला. एकतीस वर्षांत किती माणसांपुढं त्यानं तो चुना फेकला असेल? किती जणांना म्हणाला असेल, मेलं बघा? आणि त्यातल्या किती जणांना पुढचं वाक्य सांगितलं होतं, की हे जमिनीसाठी आहे, माणसासाठी नाही? काहींना सांगितलं होतं. सगळ्यांना नव्हतं. ज्या दिवशी दुकानात गर्दी असेल त्या दिवशी नव्हतं.

तो खाटेजवळ आला तेव्हा पट्ट्या बांधलेल्या सयाजीनं त्याचं मनगट चाचपून धरलं.

"बाई काय म्हनल्या ते म्या ऐकलं," सयाजी म्हणाला. "हिला सांगू नका. माजा येक डोळा गेला तर गेला. हिला कळलं तर ही सोताच्या हाताकडं बघू शकनार न्हाई."

इब्राहिमनं हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होता तो?

पुण्याच्या दवाखान्यात सयाजी पंधरा दिवस होता. उजवा डोळा वाचला नाही. डाव्यानं दिसायला लागलं, आधी अंधूक, मग बोटं मोजण्याइतकं, मग स्वच्छ. या दिवसांत जुन्नरच्या त्या गल्लीला एक नवल बघायला मिळालं. इब्राहिम गप्प झाला. येणाऱ्या बॅटरीला पाणी घालायचा, घनता बघायचा, चार्जिंगला लावायचा, उद्या या म्हणायचा. चुन्याचा डबा त्यानं आत नेऊन ठेवला होता. जुनी गिऱ्हाइकं चेष्टा करायची, की मियाँ, बॅटरी उतरली काय तुमची. तो हसायचाही नाही.

घरी इशरत, त्याची बायको, सगळं बघत होती. ती मुळात कमी बोलणारी. एकाच घरात दोन बोलकी माणसं कशी नांदतील, असं इब्राहिमच म्हणायचा. त्यानं तिला पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं होतं. पंधराएक दिवस गेल्यावर एकदा जेवताना तिनं भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "तुम्ही गप्प बसलाय ते त्या बाईसाठी, का दुकानासाठी?"

इब्राहिमला राग आला. ताट तसंच ठेवून तो उठला. सयाजीला शब्द दिलाय, असं तो मोठ्यानं म्हणाला. पण दुकानात येऊन बसल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. शब्द दिला होता तो चिमाबाईपुरता. बाकीच्या जगाला सांगायला कुणी अडवलं होतं? त्यानं एकाही गिऱ्हाइकाला बोलावून सांगितलं नव्हतं, की बाबा, मी दाखवलेला चुना डोळ्यात घालू नकोस. सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, का, काय झालं? आणि त्याचं उत्तर गल्लीत पसरायला दुपारसुद्धा लागली नसती.

चौथ्या आठवड्यात चिमाबाई आली. एकटीच, एसटीनं. पायरीवर चपला काढून आत आली आणि स्टुलावर न बसता उभीच राहिली. इब्राहिमनं सयाजीची चौकशी केली, चहा सांगू का विचारलं. तिनं नको म्हणून मान हलवली.

"येक इचारते भाऊ, खोटं बोलू नका," ती म्हणाली. "उजव्यात चुना टाकला. डाव्यात नुसतं पानी. मंग गेला तो उजवा कसा?"

बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिला हिशेब बरोबर कळला होता. दवाखान्यात पंधरा दिवस ती दोन डोळ्यांकडं बघत बसली होती, आणि जो बरा होत होता तो कुठला, हे तिला दिसत होतं, फक्त त्याचा अर्थ घरी परतल्यावर, उशिरा लागला.

इब्राहिमकडं उत्तरं तयार होती. उजव्या बाजूला जास्त उडालं असेल. बॅटरीचा तुकडा लागला असेल. नशीब म्हणायचं, वहिनी. मनात तो ती शंभर वेळा बोलला होता. आता समोर ती उभी होती, आणि त्याला यातलं एकही बोलवेना.

"चुन्यानं गेला," तो म्हणाला. "चूक माझी आहे. जमिनीवरचं मी दाखवलं, डोळ्यातलं सांगितलं नाही."

चिमाबाई रडली नाही. तिचा चेहरा तसाच राहिला, फक्त रंग उतरत गेला. तिनं रॅकच्या दांड्याला धरलं.

"पानी टाकलं आसतं तर?"

"बहुतेक वाचला असता."

"तुमास्नी हे कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

बाहेरून एसटी गेली, तिच्या हादऱ्यानं रॅकवरच्या बाटल्या वाजल्या.

"तेरा घरं," ती म्हणाली. "पुन्याहून आल्यावर माजं धरून तेरा घरांत चुन्याच्या डब्या दिल्यात म्या. बॅटरीच्या शेजारी खिळा ठोकून टांगल्यात. म्हनलं, माज्याकडं कमी पडला, दुसऱ्या कुनाला कमी पडू न्हाई."

इब्राहिमनं शटर ओढलं. कुलूप लावलं की नाही, कुणास ठाऊक. दुकानाचा तीनचाकी टेम्पो काढला, चिमाबाईला पुढं बसवलं, आणि तो इतक्या जोरात निघाला की चौकातला हवालदार शिट्टी मारतच राहिला. उसाच्या मधून वस्तीचा रस्ता लागला तेव्हा त्यानं कसंबसं सांगितलं, की तुम्ही घरी थांबा, मी एकेका घरी जाऊन सांगतो, माझी चूक मीच सांगतो. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

पहिलं घर गोरखचं. दारात त्याची बायको अक्षदा भांडी घासत होती. चिमाबाई सरळ आत गेली, खिळ्यावरची डबी काढली आणि बाहेर आली.

"चुना न्हाई टाकायचा," ती म्हणाली. "म्या टाकला, म्हनून तुज्या चुलत सासऱ्याचा डोळा गेला. अ‍ॅसिडानं न्हाई गेला, माज्या हातानं गेला. पानी टाकायचं. नुसतं पानी."

अक्षदाच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. इब्राहिम पुढं झाला आणि म्हणाला, चूक माझी होती. चिमाबाईनं त्याला हातानंच थांबवलं. तुमी मागनं बोला, म्हणाली. मग तो मागून बोलायचा. पाणी पाव तास तरी ओतायचं, डोळा फाकवून, थांबायचं नाही. मग दवाखाना, माझ्याकडं येऊ नका. पेटीला कुलूप लावून चार्ज करू नका. आधी बटण, मग चिमटा. हे तो एकतीस वर्षं सांगत होता, पण आज त्यात एकही चुरचुरीत शब्द नव्हता.

घरामागून घरं झाली. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एका घरात कुणीतरी हळूच म्हणालं, म्हंजी हिनंच. चिमाबाईनं ते ऐकलं, आणि हो, म्याच, म्हणून पुढं गेली. इब्राहिमला वाटत होतं, आता ही कोसळेल, आता बसेल. ती काही बसली नाही. नवव्या घरात म्हाताऱ्या सरूबाईनं आपला तळहात पुढं केला. लाल, सोललेला. परवा ट्रॅक्टरच्या बॅटरीचं पाणी हाताला लागलं, तर तिनं दोन दिवस चुना लावून फडकं बांधलं होतं. लई जळत व्हतं, ती म्हणाली, पर म्हनलं, चिमानं दिल्यालं औषध हाय. चिमाबाईनं तो हात धरून हौदावर नेला आणि धुतला. कितीतरी वेळ धुतला. मग मागोमाग आलेल्या अक्षदाला सांगून म्हातारीला गोरखबरोबर दवाखान्यात पाठवलं. तेव्हा मात्र तिचे खांदे हलत होते, आणि इब्राहिमनं दुसरीकडं तोंड केलं.

बारा डब्या पिशवीत पडल्या. तेरावं घर तिचं स्वतःचं.

सयाजी ओट्यावर बसून जेवत होता. उजव्या डोळ्यावर हिरवं फडकं, डाव्यानं तो ताटाकडं बघत होता. ताटात सकाळी तिनंच करून ठेवलेली भाकरी आणि भाजी. टेम्पोचा आवाज त्यानं ऐकला होता. इब्राहिमच्या हातातली पिशवी बघितली, बायकोचा चेहरा बघितला, आणि त्याचा घास हातातच राहिला.

"सांगितलं तुमी," तो इब्राहिमला म्हणाला.

"म्या इचारलं," चिमाबाई म्हणाली. ती ओट्याच्या कडेला टेकली. वस्तीभर उभी राहिलेली बाई, आता बसली. "तुमास्नी म्हाईत व्हतं?"

"व्हतं."

"कवापासनं?"

"पयल्या दिसापासनं."

तिनं आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिली. बोलली तेव्हा आवाज इतका खाली गेला होता, की इब्राहिमला पुढं झुकावं लागलं.

"आनि येवढं दिस माज्या हातचं खाल्लं?"

सयाजीनं हातातला घास तोंडात घातला, सावकाश चावला, आणि गिळला.

"मंग कुनाच्या हातचं खाऊ?" तो म्हणाला.

इब्राहिम पिशवी घेऊन निघाला. टेम्पो लेण्याद्रीच्या फाट्यापर्यंत आला, तेव्हा ब्रेकचं लोखंड तळपायाला गार लागलं, आणि आपण अनवाणी आहोत हे त्याच्या ध्यानात आलं. ओट्यापाशी काढलेल्या चपला तिथंच राहिल्या होत्या. तो परत गेला नाही.